बोटाच्या मधातली मेंदी

तुमी हसान, पन खाजीच्या औषधानं माहं बिंग फोडलं. धान रोवण्याच्या चिखलानं पायाच्या बोटात खाज सुटली होती. मायनं मेंदीचा पाला वाटून बोटाच्या मधात भरला, तं पाय लालभडक. अन् त्याच दिवशी पोरगी पाहाले जायचं! मामानं तिकडे सांगून ठेवलेलं, पोरगा चिखलात पायच ठेवत नाई. म्हणून मी मोजे घातले. दारात पाय धुवाले पाणी आलं, मोजे काढावेच लागले.

पोरीचा बाप पाहातच राह्यला. "चिखलानं झालं काय जी? आमची पोरगी तं धानाच्या बांधीत उतरतच नाई."

मी मान खाली घातली. तेवढ्यात चहाचा ट्रे आला, अन् ट्रेच्या खाली दोन लालभडक पाय.

माह्या बायकोचं माह्याशी पयलं बोलणं हेच, "मेंदीत हळद टाकत जा जी, खाज लवकर जाते."