वेल दारापर्यंत पोचली की

आणि वर मलाच विचारतात! 'जावईबापू, तिला पाणी घातलं का?' तिला म्हणजे कुणाला? बायकोला नाही. बायको आपलं पाणी आपण घेऊन पिते. तिला म्हणजे त्या वेलीला! मनीप्लांट हो, मनीप्लांट! सकाळचे सात वाजलेत, माझ्या तोंडात ब्रश, ओठांवर फेस, आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज. आता फेसातून काय उत्तर देणार माणूस? 'घाफलं' म्हणालो तर आरसा पांढरा! लग्नाला एकवीस वर्षं झाली, तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षांत या घरात मला कुणी 'पाणी हवं का' असं आपणहून विचारलेलं नाही. आणि ती, कुंडीत नुसती बसून… बसून!… मी घड्याळजी आहे हो, माळी नाही!

नाही, पण तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस एका वेलीवर का एवढा उखडलाय. तर गेल्या वर्षी सासूबाई पडल्या. त्यांच्या घरी, एकट्या असताना. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिने एकटं ठेवू नका. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही लग्न झालेले असाल तर ते पाहणं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात प्रश्नचिन्ह नसतं. मी म्हटलं, 'अगं, असं काय बघतेस, आणू या की आईंना!' मनाने मोठा माणूस आहे मी. पण आईंना म्हटलं होतं, आईंना! खाली रिक्षा थांबली तेव्हा आधी उतरली काठी, मग उतरल्या आई, आणि मग त्यांच्या कडेवरून, लहान मूल उतरवावं तशी, ती कुंडी. चार फूट वेल गळ्याभोवती गुंडाळलेली. आईंच्या गळ्याभोवती!

आल्या आल्या पहिलं वाक्य काय? 'बाई, दमले' नाही, 'जावईबापू, तुम्हाला त्रास' नाही. 'हिला खिडकीपाशी ठेवा. पण ऊन अंगावर नको. उजेड हवा, ऊन नको.' आता माझ्या घरात खिडकी किती? दोन खोल्या, एक धड खिडकी. त्या खिडकीपाशी काय होतं? माझं टेबल! रविवारी मी घरी काम करतो, बारीक काम, नजर ठरत नाही असे स्क्रू असतात, मुंगीने शिंकलं तर उडतील असे! टेबल गेलं बाथरूमच्या दाराशी. खिडकीत वेल, वेलीखाली आईंची खाट. आणि मी बल्बच्या उजेडात डोळे फोडतोय.

बरं, हेही सोसलं असतं. पण महिन्याभराने बायको सहज म्हणाली, 'आई, तू बरी झालीस की काय करायचं गं पुढे?' तर त्या वेलीकडे बघून म्हणाल्या, 'मी कशाला तुमच्यात राहू? ही वेल दारापर्यंत पोचली ना, की मी माझ्या घरी जाईन.'

झालं! माझे कान टवकारले. खिडकीपासून दारापर्यंत बारा फूट. मी स्टीलची पट्टी घेऊन मोजलं. वेल चार फूट. राहिले आठ. लोक मला तीस वर्षं काटे पुढे ढकलायला देतात, हा एक काटा मला पुढे ढकलता येणार नाही? त्याच दिवशी मी भिंतीवर वीतभर अंतराने खिळे ठोकले आणि गेलो नर्सरीवाल्याकडे. म्हटलं, 'लवकर वाढली पाहिजे.' तो म्हणाला, 'साहेब, मनीप्लांट आहे, मारायचं म्हटलं तरी मरत नाही.' मी पहिल्या आठवड्यात तिला जवळजवळ मारली.

प्रेमाने हो! रोज दोन तांबे पाणी. पानं पिवळी पडायला लागली. आईंनी खाटेवरून असा हंबरडा फोडला की शेजारची बाई धावत आली, तिला वाटलं मीच गेलो! परत नर्सरीवाला. 'किती पाणी घालता?' म्हटलं, 'दोन तांबे.' तो म्हणाला, 'साहेब, मुळं कुजली की. बोट मातीत खुपसा. दोन पेरं खोल. कोरडं लागलं तरच पाणी.' तर आता रोज सकाळी मी मातीत बोट खुपसतो. ज्या बोटांनी मी केसाएवढी स्प्रिंग बसवतो, त्या बोटांच्या नखांत माती! गिऱ्हाईक घड्याळ माझ्या हातात द्यायच्या आधी माझी नखं बघतं. मी घड्याळजी आहे हो, माळी नाही!

आणि नुसतं पाणी नाही. पानं पुसा! ओल्या फडक्याने, एकेक पान, खालून तळहात देऊन. धूळ बसली की तिला म्हणे श्वास घेता येत नाही. माझ्या दुकानावरून दिवसाला चारशे गाड्या जातात, माझं तोंड कुणी पुसलंय? पंधरा दिवसांनी खत, पातळ करून. उन्हाळ्यात फवारा. कुंडी लहान झाली म्हणून मोठी कुंडी, ती बदलताना मी खाली बसून मुळं धरलीत आणि आई वरून, 'हळू हो… हळू… तुमच्या हाताला कळत कसं नाही…' माझ्या हाताला! सेकंदकाटा झोपेत बसवणाऱ्या माझ्या हाताला!

आणि हे सगळं करून वर आईंची सेवा. काठी असली तरी त्या एकट्या उठायच्या नाहीत. 'जावईबापू, जरा धरता का?' मी धरणार. खाट ते बाथरूम, बाथरूम ते खाट. 'जावईबापू, चहा इकडेच द्या.' बायको शाळेच्या ग्रंथालयात, सकाळी लवकर जाते. मी दहाला दुकान उघडतो. म्हणजे सकाळ माझ्या गळ्यात.

पण वेल वाढत होती हं! खोटं कशाला बोलू. नवीन पान सुरळीसारखं यायचं, दोन दिवसांनी उलगडायचं, पोपटी, ओलसर… आणि मी मनात म्हणायचो, चल, आणखी चार बोटं! सहा फूट. आठ फूट. दहा. पेन्सिलीने भिंतीवर खुणा केल्या, तारीख घालून. साडेदहा फुटांवर आली आणि मी चोरून आईंच्या ट्रंकेवरची धूळ पुसली.

आणि तिथे थांबली.

म्हणजे थांबली तरी कशी! वाढायची. सोमवारी दहा फूट आठ इंच. गुरुवारी दहा फूट अकरा. पुढच्या सोमवारी… दहा फूट चार! आता तुम्हीच सांगा, घड्याळ मागे पडतं, मान्य. वेल मागे पडते का कधी? मी पट्टी तपासली. पट्टी बरोबर. मला वाटलं, मीच चळलो. मग वाटलं, उंदीर! पिंजरा लावला. पिंजऱ्यात सापडला माझा अंगठा. मग वाटलं, बायको! सरळ विचारलं. 'तू वेल कापतेस का?' ती म्हणाली, 'अहो, मला माझे केस कापून यायला वेळ नाही.' आणि मग तीन दिवस बोलली नाही. तीन दिवस त्या घरात माझ्याशी बोलणारं कोण, तर सासूबाई. 'जावईबापू, खट्टू दिसता. वेल काय, वाढेल हो. घाई कसली!'

घाई कसली!

शेवटी गेलो नर्सरीवाल्याकडे. म्हटलं, 'लांबी वाढत नाही, पण कुंडीत गर्दी झालीये. बुडाशी नवे सात-आठ फुटवे आलेत.' तो हसायला लागला. 'साहेब, शेंडा खुडला की खालून फुटतं. कुणीतरी खुडतंय.'

कुणीतरी! घरात माणसं तीन. मी नाही. बायको नाही म्हणते. आणि तिसऱ्या माणसाला खाटेवरून न्हाणीपर्यंत मी हाताला धरून नेतो. वेलीचा शेंडा दाराजवळ, सात फूट उंच खिळ्यावर. मग काय भूत?

आता ऐका. गेल्या महिन्यात एकदा सकाळी अकरा वाजता दुकानात बसलो आणि लक्षात आलं, डोळ्याला लावायचं भिंग घरी राहिलंय. तीन जिने चढून वर आलो. किल्ली फिरवली, दार ढकललं… बोटभर उघडलं आणि कशाला तरी अडलं. फटीतून बघितलं. स्टुलाचे पाय. आणि त्या पायांवर, तुम्हाला सांगतो, आणखी दोन पाय!

'आई?'

वरून आवाज, 'ढकलू नका! पडेन!'

'तुम्ही स्टुलावर काय करताय?'

'काही नाही.'

काही नाही! सात फुटांवर हात, हातात माझा कटर, तारा तोडायचा बारीक कटर, ज्याला मी बायकोलाही हात लावू देत नाही, दुसऱ्या हातात हिरवागार ताजा शेंडा, आणि काही नाही!

'उतरा खाली!' मी फटीतून ओरडलो.

'उतरता येत नाही. रोज दाराच्या मुठीला धरून उतरते. आज मूठ हलतेय. तुम्ही हलवताय.'

'रोज?'

'आठवड्यातून एकदा.'

'म्हणजे तुम्ही चालता? कधीपासून?'

'तीन महिने झाले असतील.'

तीन महिने! अहो, तीन महिने मी त्या बाईंना फुलासारखं धरून न्हाणीपर्यंत नेतोय, कंबर माझी गेली! म्हटलं, 'मग मला का धरायला लावता?'

'तुम्ही छान धरता हो.'

शेजारची बाई जिन्यात येऊन उभी, हातात पिशवी, तोंड उघडं. मी दाराला कान लावून माझ्याच घराबाहेर. आत यावं तर आई पडतात, जावं तर कुठे जावं? शेवटी फटीतून हात घातला, खांद्यापर्यंत. म्हटलं, 'धरा.' त्यांनी धरला. धरला म्हणजे काय, नखं रुतली हो माझ्या मनगटात! मग मला कळलं, ही बाई खरंच घाबरलीये. पण राग होताच! मी विचारलं, 'घरी जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं ना! वेलीला कशाला मधे घातलंत?'

तर त्या स्टुलावरूनच म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, 'मी पडले ना, त्या दिवशी सहा तास फरशीवर होते. तुमच्या बायकोला मी एक तास सांगितलाय. सहा तास. खालून फक्त ही दिसत होती, खिडकीत लोंबकळणारी. हिची पानं मोजली. एकोणीस. मग पुन्हा मोजली. हाका कुणाला मारणार, हिला?'

जिन्यातल्या बाईने पिशवी खाली ठेवली.

मी म्हटलं, 'सांगायचं होतं.'

'सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?'

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, 'नाही म्हणालो असतो.'

'मग!'

मग म्हणे! मी हात आणखी आत घातला. एक पाय खाली आला, मग दुसरा. मी म्हणत होतो, हळू… हळू… आई, तुमच्या पायाला कळत कसं नाही… स्टूल सरकलं, दार उघडलं, आणि आम्ही दोघं समोरासमोर. त्यांनी कटर माझ्या हातात ठेवला. शेंडा नाही ठेवला! तो नेला आणि खाटेखालून बाटली काढून पाण्यात खोचला. खाटेखाली, तुम्हाला सांगतो, अकरा बाटल्या! मुळं फुटलेल्या! माझ्या घड्याळाच्या तेलाच्या रिकाम्या बाटल्या! शेजारची बाई म्हणते, 'अगंबाई, माझ्याकडची तीन इथलीच का!' म्हणजे अख्ख्या इमारतीत माझं खत पोचलंय! मी घड्याळजी आहे हो…

संध्याकाळी बायकोला सांगितलं. वाटलं, चक्कर येईल. ती कांदा चिरत होती, तिने मानही वर केली नाही. 'मला माहीत होतं.' 'काय माहीत होतं? कसं?' 'अहो, आईच्या चपलांचे तळ झिजलेत. बसून कुणाच्या चपला झिजतात का?' 'मग मला का नाही सांगितलंस?' तर सुरी थांबली. म्हणाली, 'तुम्ही इतके मन लावून पानं पुसत होता. वाटलं, सवय होईल.' सवय! माझी! जशी काही मी वेल आहे आणि ही मला खिळ्याखिळ्याने पुढे नेतेय! सहा तासांचं मात्र मी तिला सांगितलं नाही. ते आईंचं आईंनी बघावं.

तर आता व्यवस्था काय आहे, ऐका. आई घरभर फिरतात, खुल्लमखुल्ला. चहा स्वतः करतात, माझा फिका करतात. दुपारी दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, 'देऊन जा, हात चांगला आहे त्यांचा, फक्त तोंड सांभाळा.' आणि शेंडा? तो मी खुडतो. दर रविवारी, स्टुलावर चढून. पुन्हा त्या चढल्या, पडल्या, तर? तर कोण धरणार? मीच ना? मी विचारलं, 'आता सगळ्यांना सगळं माहीत आहे, तर खुडायचं कशाला? पोचू द्या की दारापर्यंत.' तर म्हणाल्या, 'नको. शब्द म्हणजे शब्द.'

मी म्हटलं, ठीक. राहा. कायमच्या राहा. रागावून रागावून माणूस किती रागावणार? टेबल बाथरूमपाशी, नखांत माती, झालं आयुष्य. आणि एवढं म्हणून मी जरा टेकलो, तोच फोन. आईंची धाकटी बहीण. त्यांचा म्हणे गुडघा दुखतोय, थोडे दिवस येऊ का. थोडे दिवस म्हणजे किती, मी विचारलं. सरळच विचारलं, आता कसली भीड! तर म्हणाल्या, 'फार नाही हो जावईबापू. माझ्याकडे दहा वर्षांचं एक लहानसं झाड आहे, ते हातभर झालं की लगेच जाईन.'

मी म्हटलं, 'कसलं झाड?'

म्हणाल्या, 'निवडुंग.'