आईचं अर्धं वाक्य

मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही... बरं, नाही बोलत! पण तुम्हाला सांगते, ही मोठी माणसं थांबतात कधी, तेवढं कोणीतरी मला सांगा. चोवीस वर्षं वाट बघतेय मी. आणि का बोलायचं नाही, हे विचारायचीही सोय नाही, कारण ते विचारायलासुद्धा मध्येच बोलावं लागतं. आहे की नाही पक्का बंदोबस्त?

आता आमचे काका घ्या. बाबांचे मोठे भाऊ. मी बालवाडीत होते तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आले. एक बॅग, एक छत्री. स्वतःचं घर आहे बरं का त्यांना, चांगलं तीन खोल्यांचं, कुलूप लावून ठेवलेलं. दर रविवारी जातात, कुलूप दोनदा ओढून बघतात, आणि परत आमच्याकडे जेवायला! एकोणीस वर्षं झाली, ते आठ दिवस काही संपत नाहीत. त्यात काका बोलतात. म्हणजे तुम्ही-आम्ही बोलतो तसे नाही हो, नळ उघडा राहिल्यासारखे. पाण्याचा दाब, पुढचं सरकार, माझं वजन, भाजीतलं मीठ... बाबा पेपरच्या मागे. आणि आई? आई म्हणते, "मला वाटतं..." संपलं. एवढंच. त्याच्या पुढचं वाक्य या घरात कोणी ऐकलेलंच नाही. कारण आईनं "मला वाटतं" म्हटलं रे म्हटलं की काका सुरू, "अगं, वाटायचंय काय त्यात, मी सांगतो ना!" आणि आई तोंड तसंच अर्धं उघडं ठेवून दोन सेकंद थांबते, मग मिटते, आणि ताटं उचलते. मी काही म्हणायला गेले की आहेच... मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही!

मग मी काय केलं? कॉलेजात जाऊन कार्टून करायला शिकले. "चित्रं काढायला कॉलेज?" काका. "आमच्या वेळी चित्रं भिंतीवर काढायचे आणि मार खायचे." ठीक आहे. डिग्री घेतली, नोकरी लागली, आणि दोन वर्षं एका अस्वलाचे दात पांढरे करत बसले. खरंच सांगते! दात घासणारं अस्वल, रोज दुपारी लागायचं, तुमच्या मुलांनी बघितलं असेल. माझ्या शेजारी चष्मा बसायचा. चष्मा म्हणजे आमचा चित्रकार, भिंगं एवढी जाड की डोळे कुठे आहेत ते कळत नाही, पण हात... काय हात आहे त्याचा! एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला आमच्या घरचं जेवणाचं टेबल तोंडी सांगितलं आणि त्यानं ते डब्याच्या झाकणाखालच्या कागदावर काढलं. बाबा म्हणजे नुसता पेपर आणि खाली दोन पाय. काका म्हणजे बनियन घातलेला गेंडा, टेबलाची अर्धी बाजू व्यापून. आणि आई... आई आईच. तोंड अर्धं उघडं. मी त्या कागदाकडे बघत बसले आणि म्हटलं, चष्म्या, अस्वलाला कीड लागू दे, आपण हे करू.

मोठ्यांसाठीची कार्टून मालिका! चॅनेलच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "आम्हाला तरुण काहीतरी हवंच आहे. पण मोठ्यांनी पसंत केलेलं तरुण." मी म्हटलं, मोठ्यांसाठीच आहे. साहेबांनी दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला... "मोठ्यांसाठीचं म्हणजे, तसलं?" अहो तसलं नाही! एक कुटुंब, एक टेबल, रोजचं जेवण. शेजारी त्यांचे सल्लागार बसलेले. तीस वर्षं कौटुंबिक मालिका लिहून केस पांढरे केलेले. ते म्हणाले, "कार्टून आहे ना? मग ससा कुठाय?" म्हटलं ससा नाही, गेंडा आहे. "गेंडा चालेल. पण शेवटी तो सुधारतो ना?" मी म्हणणार होते, अहो, आमचा एकोणीस वर्षं सुधारला नाही, तुमचा बावीस मिनिटांच्या भागात कसा सुधारेल? पण दोघंही एकदमच बोलत होते. आणि मोठी माणसं बोलत असताना...

तर! आमच्या कामात आधी आवाज असतो आणि मग चित्र. कोणाकडून तरी कच्चा आवाज भरून घ्यायचा, त्यावर ओठ काढायचे, आणि नंतर खरी नटी येऊन त्या ओठांवर पक्का आवाज देते. आईचा कच्चा आवाज कोण देणार? आईच! पांघरुणांच्या कपाटात बसवलं तिला, म्हणजे आवाज घुमत नाही. दोन गोधड्यांच्या मध्ये आई, हातात माइक, म्हणते, "मला वाटतं..." आणि थांबते. कपाटात एकटी आहे हो, मध्ये बोलायला कोणी नाही, तरी थांबते! चष्म्यानं त्या थांबण्यावर ओठ काढले. मग नटी आली, मोठी नावाजलेली, "मला वाटतं" म्हणाली आणि थांबली. नाही जमलं. चौदा वेळा घेतलं. ती थांबली की कळायचं की ही थांबलीय. आई थांबली की वाटायचं, हिच्या तोंडावर कोणीतरी दार लावून घेतलंय. शेवटी नटीच म्हणाली, "अहो, ज्या बाईचा हा आवाज आहे ना, तिचाच ठेवा." ठेवला. आणि गंमत बघा, आईची करारावर सही घ्यायला हवी, हे एवढ्या मोठ्या चॅनेलमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नाही. आईला काही विचारायचं असतं, ही कल्पनाच कोणाला नाही ना!

अजून एक भानगड. आवाज रेकॉर्ड करणारा सांगतो, मला खोलीची शांतता द्या. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. ती तीस सेकंद भरून घ्यायची आणि वाक्यांच्या फटींत घालायची, नाहीतर आवाज तुटका वाटतो. आणि आईच्या बोलण्यात फटीच फटी! म्हणजे आमच्या घरातली तीस सेकंदांची शांतता हवी, आणि तीही सगळे टेबलावर बसलेले असताना, रिकाम्या खोलीची चालत नाही. काकांना हात जोडले. "शांतता ना? ही घे शांतता!" म्हणाले. "मी एकदा गप्प बसलो ना, की तुला वाटेल घरात कोणी नाही. शाळेत असताना एकदा मी..." गेली! दोन महिन्यांत सगळ्यात जास्त किती मिळाली माहितेय? अकरा सेकंद. तेव्हा काका शिंकेची वाट बघत होते. शेवटी आम्ही स्टुडिओच्या जिन्यातली शांतता घातली. आजही मालिका बघताना मला कळतं... आई आमच्या घरात बोलते आणि गप्प मात्र जिन्यात होते.

मालिका लागली. कधी? दुपारी चार वाजता! अस्वलानंतर लगेच! चॅनेलमध्ये कोणीतरी "कार्टून" एवढाच शब्द वाचला आणि टाकली मुलांच्यात. मी साहेबांना फोन केला तर, "अगं, मुलं बघतात म्हणजे मोठे होऊन बघतीलच!" पहिल्या आठवड्यात पत्रं आली. एक मला पाठ आहे. "आमचा पाच वर्षांचा मुलगा, मी 'मला वाटतं' म्हटलं की मुद्दाम मध्ये बोलतो आणि हसतो. हे बंद करा." मी ते पत्र चष्म्याला दाखवलं. तो म्हणाला, "मुलगा हे आपल्याकडून शिकला का घरून, ते नाही लिहिलं." एका पेपरात परीक्षण आलं, चार ओळींचं: रंग चांगले आहेत.

मग मोठ्यांच्या वेळेला हलवली, आणि काय झालं कळलं नाही, धरलीच लोकांनी! "मला वाटतं..." सगळीकडे. ऑफिसात म्हणायचे, बसमध्ये म्हणायचे, चॅनेलनं कपांवर छापलं. लोक हसायचे हो. आई थांबली की पोट धरून हसायचे. मी लिहिलं होतं ते हसायला नव्हतं. म्हणजे होतं, पण हसून झाल्यावर घास अडकायला हवा होता ना? कोणाचा अडकला नाही! आणि सगळ्यात जोरात कोण हसायचं? काका! "हा गेंडा मी पहिल्याच भागात ओळखला," म्हणाले. मी हळूच दाराकडे सरकले. "हे वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर! हुबेहूब! सारखे आपले बोलत असतात!"

तर आठवा भाग. मी ठरवलं, आठव्या भागात आईचं वाक्य पूर्ण करायचं. रविवार गाठला, काका कुलूप ओढायला गेलेले. आईला कपाटात बसवलं. "काय म्हणायचं?" म्हणाली. म्हटलं, लिहिलेलं नाही, तुला वाटतं ते म्हण. बराच वेळ नुसता गोधडीचा आवाज. मग, दूध उतू जातंय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात, आई म्हणाली, "मला वाटतं, भाऊजींनी आता आपल्या घरी जावं."

माझ्या हातातला हेडफोन पडला. आणि आई काय म्हणते? "घाईत झालं का गं? परत म्हणू?" तीन वेळा म्हणाली! तिसऱ्यांदा तर हसली. मी विचारलं, आई, हे लागेल हं टीव्हीवर, सगळे ऐकतील. म्हणाली, "लागू दे."

आठवा भाग चॅनेलला पाठवला. आणि कालची गोष्ट. साहेब आणि सल्लागार थेट घरी! "कौटुंबिक मालिकेचा प्रश्न आहे, कौटुंबिक पद्धतीनं सोडवू." टेबलाभोवती बसले. काका मधल्या खुर्चीत, बाबा पेपरमागे. साहेब म्हणाले, "वाक्य पूर्ण झालं तर उरलं काय? लोक त्या अर्ध्या वाक्यासाठीच बघतात!" सल्लागार म्हणाले, "वडीलधाऱ्याला घराबाहेर काढा, हा काय संदेश?" काका टेबलावर हात आपटून, "अगदी बरोबर! कोणाला काढताय?" "गेंड्याला." "गेंड्याला? त्याला काढायलाच हवा!" शेवटी साहेबांनी फोनवर तो तुकडा लावला. आईचा आवाज. भाऊजींनी आता आपल्या घरी जावं.

काकांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा छत्रीकडे. आणि मग? मग हसले! "हे पोरीनं लिहून दिलंय. आमची भावजय असं बोलायचीच नाही." झालं! सगळ्यांना सुटल्यासारखं. दुसरी नटी आणू, ती म्हणेल, मला वाटतं सगळ्यांनी मिळून राहावं... ठरवूनसुद्धा टाकलं. माझ्यासमोर! आणि आई पाण्याचे पेले घेऊन तिथेच उभी. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "मला वाटतं..."

"अगं, वाटायचंय काय त्यात, मी सांग..."

"काका, गप्प बसा! आई बोलतेय."

"मोठी माणसं बोलत असताना..."

"मध्ये तुम्ही बोललात! एकोणीस वर्षं तुम्हीच मध्ये बोलताय. साहेब, आठवा भाग आहे तसाच जाईल. एक शब्द बदलणार नाही मी. आणि नटी आणायची तर आणा, पण आधीच्या सात भागांतला आवाज आईचा आहे, आणि तिची सही तुमच्या एकाही कागदावर नाही. तिनं नको म्हटलं तर तुमची सगळी मालिका मुकी. आता ऐका."

आणि तुम्हाला सांगते... गप्प. साहेब गप्प, सल्लागार गप्प, काका तोंड अर्धं उघडं ठेवून गप्प. बाबांनी पेपर खाली घेतला. त्यांचा चेहरा मी जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा बघितला. सगळे आईकडे बघतायत. आणि आई? आई पण गप्प. "मला वाटतं" म्हणून थांबली होती ना, ती सवयीनं थांबूनच राहिली... कोणीतरी मध्ये बोलेल म्हणून वाट बघत. कोणी बोलेना! भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू. मी काटा बघत होते. दहा. वीस. तीस सेकंद! आमच्या घरातली, स्वच्छ, अखंड, तीस सेकंदांची शांतता...

आणि रेकॉर्डर ऑफिसात!