तो गावात नाय

माझं माहेर घाटाखालचं. ठाकुरवाडीच्या हाल्टावरून खाली बघितलं की जी चार कौलं दिसतात ना, त्यातलं एक आमचं. बाप रेल्वेच्या गँगमधे, उन्हापावसात रुळावर हातोडा घेऊन फिरायचा, म्हनून त्याला सरकारी नोकरीचं भारी वेड, पोरगी देईन तर सरकारी मानसालाच देईन नायतर घरात ठेवीन, असा हट्ट. मंग खालापूरच्या बाजूचं हे स्थळ आलं, मुलगा पलटनीत शिपाई, तर बापाने ना घर बघितलं ना शेत, बोलला पलटनीत हाय ना, झालं तर मंग. काय सांगू तुमाला ताई, लग्नात ह्यांचे केस एवढे बारीक कापलेले की मुंडावळ्या सटकत व्हत्या, आमच्या बायका तोंडाला पदर लावून हसत व्हत्या. मी पन हसले. मानूस मात्र सरळ, अजून हाय. सरळ मानसाबरोबर संसार करनं लय तापदायक असतं, ते पुढे कळंलच तुमाला.

सासरी आले तर घरात तात्या. तात्या म्हंजे ह्यांचे सख्खे चुलते, एकाच घराचे दोन भाग, मधे एक भिंत. त्यांना मूलबाळ नाय, काकी लवकर गेली, म्हनून त्यांची भाकरी पयल्यापासून माझ्याच चुलीवर. ते गावचे पोलीस पाटील व्हते. आता पोलीस पाटलाचं काम काय, तर गावात भांडन झालं, चोरी झाली, कोन बुडला मेला, ते पोलिसांना कळवायचं, एवढंच. पन आमच्या गावाला तसं नाय वाटायचं. आमच्या गावाला वाटायचं तात्या म्हंजेच सरकार. दाखला पायजे, तात्याला सांग. म्हैस हरवली, तात्याला सांग. तात्याच्या कानावर घातलं म्हंजे पार दिल्लीपर्यंत गेलं. आनि तात्या पन असे, मिशीवरून हात फिरवायचे नि बोलायचे, जा रं, बघतो मी. बघायचे का नाय ते देवाला म्हायती.

आमची लता तवा रांगत व्हती. हे सुट्टीवर आलेले, सुट्टी संपत आली नि माझे थोरले दीर काविळीने गेले. पाठी बायको आनि दोन पोरी, पोरगा नाय, सासरे अंथरुनाला खिळलेले, म्हनून अग्नी ह्यांनी दिला. आता आमच्या घरात असं हाय, ज्याने अग्नी दिला त्याने तेरावं होईपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाय. ओलांडली तर मेलेल्याचा जीव त्याच्या पाठून फिरत राहतो असं मानतात, तुमी हसाल, पन घरात मढं पडल्यावर कोन हसतो? हे डोकं भादरलेलं तसेच भिंतीपलीकडे गेले, बोलले तात्या, सुट्टी संपली, पलटनीला कळवाया पायजे. तात्या बोलले, जा रं, मी कळवतो. तेरावं झालं तर भाताची आवनी डोक्यावर, रोपं वाढून चाललेली, दिराच्या पोरी वर्षभर खानार काय, मंग पुन्यांदा तात्याकडे. तात्या बोलले, कळवलंय मी, तू आवनी उरकून जा. आता कळवलं म्हंजे काय, तर बाजाराला गेले तवा चौकीतला एक ओळखीचा हवालदार भेटला, त्याला चहा पिता पिता तोंडी बोलले. झालं. आमच्या मते सरकारला कळलं. ह्यांना पन तेच वाटलं. एवढी वर्षं पलटनीत काढली पन गावात पाय ठेवला की मानूस गावचाच होतो ना.

अर्धी आवनी झाली आनि पोलिसांची जीप आली. पलटनीतून कागद आलेला, हा मानूस कामावर हजर नाय, घरी असंल तर पकडून पाठवा. तात्या ओट्यावर बसलेले. आता ह्या मानसाने काय सांगायला पायजे व्हतं? सांगायचं, हाय, भाऊ गेला, सुतक पडलं, तो काय तिथं शेतात हाय. पन तात्याला वाटलं पोराला बेड्या घालून नेतील, घरातला एक गेला तो गेलाच, दुसरा पन जाईल. आनि आमच्या लोकांचं ठरलेलंच, पोलीस विचाराया आला की पयला शब्द नाय. तात्या बोलले, तो गावात नाय, कवाच गेला. आनि हे तिथंच, रस्त्याखालच्या खाचरात, ढोपरापर्यंत चिखलात. जीप बघितली तशी बायकांनी त्यांच्या डोक्यावर इरलं टाकलं, बायकांच्या रांगेत वाकून उभे केले, हे बोलत राहिले अगं मला जाऊन बोलूंदे, तर माझ्या जावेने खांदा दाबून खाली बसवलं.

तेवढ्यात जीपमधल्या हवालदाराची, तो चहावाला नव्हे, दुसराच, नजर ओट्यावर गेली, तिथं ह्यांचे पलटनीचे बूट सुकायला ठेवलेले. बोलला, पाटील, हे बूट कुनाचे? तात्या बोलले, माझे. आनि उठले, डावा पाय उजव्यात नि उजवा डाव्यात घातला आनि तसेच पोलिसांना जीपपर्यंत सोडायला गेले, बदकासारखे. पोलिसांनी लिहून घेतलं, गेले.

आवनी उरकली तसे हे आपल्या पायाने पलटनीत गेले, कुनी पकडून नेलं नाय, हे ध्यानात ठेवा. तिथं पलटनीतच कोर्ट बसवलं, थोडे दिवस कोठडीत घातलं आनि डिसमिस करून घरी पाठवलं. फौजी मानूस घरी येतो ना, तवा त्याला एक पुस्तक देतात, त्यात त्याची चालचलन लिहिलेली असते. ह्यांच्या पुस्तकात लिहिलं, पळाला, लपून राहिला, चालचलन वाईट. म्हंजे गावातले दुसरे दोगं फौजेतून रिटायर होऊन आले आनि आमचे फौजेतून काढले. मोहोपाड्याला कंपन्यांत सिक्युरिटीला फौजी मानूस घेतात, हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले, साहेब बोलला पुस्तक दाखवा, हे बोलले घरी राहिलं, आनि परत गेलेच नाय. मंग त्याच कंपनीत ठेकेदाराच्या मानसांबरोबर गोन्या उचलायला लागले, ज्या गेटावर उभं राहायचं त्याच गेटातून पाठीवर ओझं घेऊन आत. पंधरा ऑगस्टला शाळेत गावचे फौजी पुढच्या खुर्चीवर बसतात, तर ह्यांना त्याच दिवशी हटकून रानात काम निघतं. लताने लहानपनी एकदा विचारलं, पप्पा तुमी का नाय बसत खुर्चीवर? बोलले, बैल सुटलाय गं. आमच्याकडे तवा बैल पन नव्हता.

आनि ती बुटाची गोष्ट? अवो ती गावात एवढी गाजली की विचारू नका. हळद असूंदे, बारसं असूंदे, कोनीतरी बोलायचंच, तात्या, बूट सांगा. मंग तात्या उठून बदकासारखं चालून दाखवायचे, हवालदाराचा आवाज काढायचे, पोरं लोळायची हसून. हे बाजूला बसून हसायचे. मी पन हसले ताई, माझे दात पाडायला पायजेत. आमाला वाटायचं तात्याने पोराला वाचवला आनि पलटनवाल्यांनी वाटोळं केलं. ह्या दोन गोष्टी एकमेकीला जोडलेल्या हायत हे आमच्यातल्या कुनाच्या डोक्यात येईल तर शपथ.

मंग लताला मुलगा झाला. ती शेलूला असते, नव्या बिल्डिंगीत, जावई चांगला हाय. बारशाला आमी सगळी गेलो, तात्याला पन गाडीतून नेलं. तिच्या शेजारी एक वकीलबाय राहते, मुंबईला फौजी लोकांचं वेगळं न्यायालय हाय तिथं कामं करते, ती पन आलेली. जेवनं झाली आनि कोनीतरी बोललं, तात्या, बूट सांगा. तात्याने बसल्या बसल्या सांगितलं, सगळे हसले, वकीलबाय हसली नाय. तिने ताट खाली ठेवलं, माझ्या बाजूला येऊन बसली आनि पुढे काय झालं, पुस्तकात काय लिहिलंय, सगळं विचारून घेतलं. बोलली, काकू, तो गावात नाही असं पोलिसांनी पलटणीला लिहून पाठवलं असणार ना? मी बोलले असंल. बोलली, मग काका तिथे म्हणाले असतील मी घरीच होतो. मी बोलले घरीच व्हते की. बोलली, म्हणजे काका खोटे ठरले. अहो, सुट्टीवरून उशिरा येणं वेगळं आणि लपून बसणं वेगळं. आजोबांनी लिहून दिलं की खोटं मी बोललो, हा घरातच होता, तर तो शेरा बदलून मागता येईल. माझ्या हातातला लाडू हातातच राहिला बघा. समोर तात्या अजून मिशीत हसत व्हते.

घरी येऊन सांगितलं तर तात्या उखडले. बोलले मी सरकारी मानूस, पोलिसांना खोटं बोललो असं लिहून देऊ? या वयात माझं तोंड काळं करता? मी ह्यांच्याकडे बघितलं, आता हे काय बोलतील, तर हे बोलतात, राहूंदे, तात्याची अब्रू घेऊन मला काय करायचंय. मंग माझं डोकंच फिरलं. मी बोलले, एकाने पाटीलकी उराशी धरा, एकाने चांगुलपना धरा, आनि माझ्या पोरीने जलमभर आयकायचं बाप फौजेतून पळाला म्हनून! तात्याचं ताट असं आपटलं की आमटी त्यांच्या धोतरावर. मंग कितीतरी दिवस मी तात्याशी बोलले नाय. भाकरी वाढायची, शब्द नाय.

एका दुपारी तात्याने ओट्यावरून ह्यांना हाक मारली, इकडं ये रं. मी तांदूळ पाखडत व्हते. तात्या बोलले, तिथं पलटनीच्या कोर्टात साहेबांनी तुला काय विचारलं? बघा, तीस वर्षं होत आली, हे कुनी विचारलं नव्हतं, मी पन नाय. हे बोलले, विचारलं इतके दिवस कुठं व्हतास. बोललो घरी. साहेब बोलला पोलीस लिहितात घरी नव्हतास, मंग खोटं कोन बोलतोय, तू का तुमचा पाटील? तात्या बोलले, मंग? हे ओट्यावरची माती नखाने उकरायला लागले. तात्या बोलले, अरे मंग काय सांगितलंस? हे बोलले, काय सांगनार, गप राहिलो. तुमची पाटीलकी गेली असती तात्या, वर केस झाली असती तुमच्यावर.

माझ्या हातातलं सूप पडलं. ह्यांनी हे मला सुद्धा कवा सांगितलं नव्हतं. मला राग यावा का रडू यावं तेच समजंना, ह्याने पुतन्यासाठी खोटं बोलायचं, त्याने चुलत्यासाठी खरं गिळायचं, आनि आमी बायकांनी काय करायचं, तांदूळ वेचायचे? तात्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, आनि एवढा मोठा मानूस, मिशीवाला, टोपीची शिवन चाचपत बसून राहिला. हे त्यांच्या पायाशी बसले. मी सांडलेले तांदूळ तसेच टाकून आत गेले.

सकाळी बघते तर तात्या धुतलेलं धोतर नेसून तयार. मला बोलले, गाडी बोलव गं, कर्जतला जायचंय. वकीलबाय तिथं कोर्टाजवळ आली. तात्याने सगळं सांगितलं, बूट पन सांगितले, पन हवालदाराचा आवाज नाय काढला. बोलले, लिहा, खोटं मी बोललो, पोराचा काय दोष नाय. सही केली आनि सवयीने खाली पोलीस पाटील असं लिहिलं, मंग स्वतःच बघितलं आनि हळूच विचारलं, हे खोडू का? ती बोलली, नको आजोबा, असू द्या. येताना गाडीत हे तात्याचा हात धरून बसलेले.

आता केस मुंबईला चालू हाय. समोरचा वकील बोलतो एवढी वर्षं झोपला व्हता काय. त्याला कसं सांगायचं? वकीलबाय बोलते न्यायाधीश बहुतेक आजोबांना समोर बोलावतील, त्यांच्या तोंडून ऐकतील, मग जोर येईल. तारीख पडते, पुढं जाते. हे वरून दाखवत नाय, पन तारीख जवळ आली की भात चिवडतात नुसता, आनि मुंबईचा फोन आला तर उचलत नाय, माझ्या हातात देतात नि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. न्यायाधीश नाय बोलले तर? हा मानूस परत एकदा खोटा ठरला तर? यावेळी उठायचा नाय तो, मला म्हायती हाय.

आनि तात्या नव्वदीला टेकले. थंडीपासून खोकला धरलाय. मी इकडं काम करते नि कान भिंतीला. खोकला आला की चिडते, खोकला थांबला की जास्ती घाबरते, पेजेचं निमित्त करून बघून येते. मऊ भात, दूध, काढा, सगळं करते, दटावते पन, बोलते तारीख होईपर्यंत कुठं जायचं नाय. ते बोलतात, माझ्या हातात हाय का गं ते?

पयले मी गावदेवीला रोज बोलायची, आई, न्यायाचा कागद येईपर्यंत म्हाताऱ्याला ठेव. मंग एक दिवस धसका घेतला, देवीला वाटेल कागद आला म्हंजे हिचं काम झालं, म्हाताऱ्याला न्यायला मी मोकळी. तवापासून कागदाचं नावच काढत नाय. नारळ ठेवते आनि बोलते, आई, दोगांना ठेव.