शेतावर सकाळ होत नसल्याबाबत

विषय — माझ्या शेतावर सकाळ होत नसल्याबाबत. संदर्भ — मी तुम्हाला केलेला मघाचा फोन. हसू नका हो, कॉम्प्युटरवाले. जन्मभर कारकुनी केली, विषय-संदर्भ सांगितल्याशिवाय तोंडच उघडत नाही माझं. बसा ना. त्या खुर्चीवर नको, ही घ्या. ती मुलीची आहे. म्हणजे होती — म्हणजे खुर्ची आहे, मुलगी नोकरीच्या गावी आहे.

तर हा तो खेळ. शेतीचा. बंदूक नाही, पाठलाग नाही, घाई म्हणून कसली नाही — नांगरा, पेरा, पाणी घाला, आपल्या चालीनं. सगळी हयात साहेबाच्या चालीनं चाललो, म्हणून तर हा आवडला. हे टोपीवालं बुटकं ध्यान म्हणजे मी. ती गाय, तिचं नाव हेडक्लार्क — का म्हणजे? दिवसभर रवंथ करते आणि काम घेऊन गेलं की तोंड फिरवते! पण पाठीवरून हात फिरवला की हिच्या डोक्यावर लाल बदाम उमटतो बघा. आमच्या हेडक्लार्कच्या डोक्यावर कधी उमटला नाही, इतके हात फिरवले.

आता अडचण. सूर्य तिथं डोंगराला टेकलाय, तो टेकलेलाच. बाहेर खिडकीतल्या झाडाची पानं गळली, नवी आली, आणि इथं आपली तीच संध्याकाळ. मी पाणी घातलेल्या वाफ्यांना परत पाणी घालतो, हेडक्लार्कला परत कुरवाळतो… काय? बिघाड नाही? नीट बघितलंत?

ती होय — झारी घेऊन उभी आहे ती? मुलगीच. शेत दोघांचं आहे ना. जाण्याआधी तिनंच लावून दिलं — म्हणाली, बाबा, भिंतींशी बोलण्यापेक्षा गाईशी बोला. फोनवर काय हो, जेवलात का, गोळी घेतली का, की संपलं. इथं ती तिकडून यायची, मी इकडून, आणि भोपळ्यांवरून कडाक्याचं भांडण! ‘बाबा, पाणी दिलंय मी, परत कशाला?’ मी म्हणायचो, हे पुरवणी पाणी. एकदा म्हणाली, आलेच हं, एक फोन घेते — ती तेव्हापासून तशीच उभी आहे.

हो, माहीत आहे मला. खेळातली दोघंही झोपायला गेल्याशिवाय दिवस उलटत नाही — अहो, नियम वाचल्याशिवाय कारकून खेळायला बसेल? मग तुम्हाला कशाला बोलावलं? — चहा घेणार का तुम्ही? नाही? बरं.

तिचं नाव काढायचं? हे बटण? लगेच उजाडेल म्हणता… आणि तिच्या वाफ्याचं काय? जाईल? भोपळ्यांसकट? — अहो, हात मागे घ्या आधी! राहू दे माझी संध्याकाळ. वाईट काय आहे तिच्यात.

तिला बोलवायचं. हं. सोपं आहे म्हणता. मागे फोनवर तिनंच विचारलं होतं, बाबा, तुम्ही अजून खेळता ते? मी म्हटलं, छे गं, कधीच सोडलं, वेळ कुणाला आहे. — मग काय सांगायचं होतं? की तुझ्या शेजारी उभा असतो रोज, झारी घेऊन? तिला तिकडे कामं कमी आहेत? हसली ती. ‘बरं झालं,’ म्हणाली. बरं झालं…

कुठलं बटण म्हणालात? हे, हिरवं? यावर माझं नाव जाणार तिला? आणि खाली काही लिहिता येत नाही, कारण वगैरे? नुसतं ‘या’?

दाबलं.

आता तुम्ही निघा. नाही, थांबायचं कारण नाही — आणि जाताना त्या खुर्चीवरची तुमची पिशवी उचला. दार नुसतं ओढून घ्या.

विनंती पाठवली आहे. उत्तर प्रलंबित.