गिअरबॉक्स कुणाचा

(गॅरेज. दुपारची जेवणाची सुट्टी, कामगार बाहेर गेलेत. लिफ्टवर चढवलेली धाकट्याची गाडी. खाली थोरली बहीण आणि धाकटा भाऊ.)

ताई : म्हणजे नाहीच म्हणतोस.

धाकटा : नाही म्हणत नाहीये गं. गरज नाही म्हणतोय. ऑटोमॅटिक आहे, कंपनीचा आहे, गाडी मस्त चालतेय. चालत्या गाडीचा गिअरबॉक्स कशाला उघडायचा?

ताई : मग चालत्या गाडीचं इंजिन कशाला उघडलंस?

धाकटा : ते वेगळं.

ताई : वेगळंच. इंजिन तुझं खातं ना. मोठा टर्बो बसवलास, पिस्टन बदललेस, सायलेन्सर असा लावलास की वर आईच्या कपाटातली भांडी वाजतात. ताकद जवळजवळ दुप्पट केलीस. आणि ती सगळी ताकद ज्याच्यातून चाकांपर्यंत जायची, तो गिअरबॉक्स तसाच. सकाळी ऑफिसला जायचं, संध्याकाळी भाजी घेऊन परत यायचं, अशा माणसासाठी बनवलेला.

धाकटा : कंपन्या थोडं मार्जिन ठेवतात.

ताई : थोडं ठेवतात. दुप्पट कोण ठेवेल? आतल्या क्लचच्या प्लेटा तेलाच्या दाबावर एकमेकींना धरून असतात. ताकद वाढली की त्या घसरणार, घसरल्या की तेल तापणार, तेल जळलं की संपलं. आणि हे मी तुला सांगतेय? परवा त्या दंतवैद्याला तूच सांगत होतास, इंजिन वाढवताय तर आधी गिअरबॉक्स मजबूत करून घ्या, आमच्या ताईकडे द्या. मी आत बसून ऐकलं. बरं वाटलं होतं मला.

धाकटा : दंतवैद्याला गाडी रोज वापरायची आहे. मला रविवारी शर्यतीत पळवायची, बस्स.

ताई : शर्यतीत तर मुळीच टिकणार नाही.

धाकटा : टिकेल गं. तू उगाच काळजी करतेस.

ताई : बरं. गरज नाही, टिकेल, मी उगाच काळजी करते. मग गॉगलकडे कशाला गेला होतास?

धाकटा : कोण गॉगल?

ताई : आपल्या धंद्यात गॉगल कितीजण आहेत? पुलाजवळचा गिअरबॉक्सवाला. घरातसुद्धा काळा चष्मा काढत नाही तो.

धाकटा : हां, तो. तिकडून जात होतो, सहज विचारलं.

ताई : सहज. क्लच कुठले टाकणार, इंजिन आणि बॉक्स जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर मजबूत मिळेल का, तेलाला वेगळा कूलर लावशील का, आणि शनिवारच्या आत देशील का. इतकं सगळं तू सहज विचारलंस.

धाकटा : त्याने तुला सांगितलं? काय माणूस आहे. कुणाला बोलू नकोस म्हटलं होतं मी त्याला.

ताई : चहाडी नाही केली त्याने. काम द्यायला फोन केला. म्हणाला, ताई, एक अवघड बॉक्स येतोय, नेहमीसारखा करून द्याल ना?

धाकटा : नेहमीसारखा म्हणजे?

ताई : म्हणजे गॉगलला स्वतःला तेल बदलता येतं फक्त. अवघड बॉक्स आला की तो गोणपाटात गुंडाळून मागच्या दाराने माझ्याकडे पाठवतो. मी बनवते, तो वर स्वतःचा स्टिकर चिकटवतो. मी विचारलं गाडी कुठली, तर त्याने रंगासकट सांगितली. मी फोन हातात धरून उभी. हसू की रडू कळेना मला.

धाकटा : हे किती दिवस चाललंय?

ताई : बाबा गेल्यापासून.

धाकटा : आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. आपल्याच गॅरेजमधून त्या चष्मेवाल्याची कामं होतात आणि मला पत्ता नाही.

ताई : माझ्या खोलीत तू येतोस कुठे पत्ता लागायला?

धाकटा : पण कशाला करतेस त्याची कामं? त्याचं नाव मोठं करायला?

ताई : तो फोन करतो म्हणून. काम झालं की परत फोन करतो, म्हणतो, ताई, असा बॉक्स कुणी बनवत नाही. खोटं बोलत असेल. पण बोलतो तरी. इथे गिऱ्हाईक येतं, बॉनेट उघडतं, तुझ्या इंजिनाचा फोटो काढतं, तुझ्या खांद्यावर हात टाकून अजून एक फोटो काढतं. गिअरबॉक्सचा फोटो काढलेला पाहिलास कधी? मला जळायला होतं रे. सरळ सांगते. तुझ्याभोवती माणसं जमली की मी आतून दार लावून घेते आणि एकच बोल्ट पुन्हा पुन्हा घट्ट करत बसते.

धाकटा : ताई...

ताई : थांब, पूर्ण ऐक. गॉगल म्हणालाय, माझ्याकडे या. पुढच्या बाजूला खोली देतो, वर पाटी तुमच्या नावाची. दोनदा बोलला. मी आजवर हसण्यावारी नेलं. पण माझा सख्खा भाऊ स्वतःच्या गाडीचा गिअरबॉक्स बाहेर द्यायला निघालाय म्हटल्यावर मी इथे काय करतेय? सोमवारी सांगते म्हटलंय त्याला.

धाकटा : त्याच्याकडे जाशील तू? त्याच्या पाटीखाली?

ताई : माझ्या पाटीखाली.

धाकट्याची बायको : (ऑफिसच्या दारातून डोकावत) अहो, जरा हळू. ऑफिसात एक बाई गाडी विकत घ्यायची की नाही ते विचारायला आल्यात, त्या मला विचारतायत आत कोण भांडतंय.

धाकटा : भांडत नाहीये. तू जा.

बायको : जाते. फक्त एक सांगू का, वन्सं? तुम्हाला वाटतं यांना तुमच्या कामाची किंमत नाही. माझ्या घरी येऊन राहा दोन दिवस. जेवताना गिअरबॉक्स, टीव्ही बघताना गिअरबॉक्स. ताईने त्या पांढऱ्या गाडीचा केला तो किती गुळगुळीत गिअर बदलतो, ताईला हे कसं कळतं, ताई ते कुठे शिकली. नवऱ्याच्या तोंडी दुसऱ्या बाईचं नाव असतं तर मी कधीच झिंज्या उपटल्या असत्या. नणंद निघाली, म्हणून गप्प बसले.

धाकटा : तुला कुणी विचारलं होतं का हे?

बायको : नाही विचारलं. म्हणूनच सांगितलं. चालू द्या तुमचं, मी त्या बाईंना चहा पाजते.

ताई : खरं बोलतेय ती?

धाकटा : तिला काहीही बोलायची सवय आहे.

ताई : हं. मग आता मी सांगते ते ऐक. आज सकाळी मी ही गाडी काढली होती.

धाकटा : माझी गाडी? मला न विचारता?

ताई : चावी खिळ्यावर होती. गॉगलचा फोन आल्यावर डोकं फिरलं होतं माझं. म्हटलं, जाऊन बघू, कसा घसरतो कंपनीचा बॉक्स ते. घसरला की याच्यासमोर तेल आणून ठेवू, जळका वास देऊ त्याच्या नाकाला. रिंगरोडला नेली, मोकळ्या रस्त्याला पाय पूर्ण दाबला. घसरलाच नाही.

धाकटा : बघ. मी काय म्हणत होतो?

ताई : परत आणली, तेल काढून पाहिलं. लालभडक, नवं असल्यासारखं. मी खाली मान घालून बसले. इतकी वर्षं या कामात काढली आणि आपला अंदाज चुकला म्हणून. मग चहा घेताना लक्षात आलं. पहिल्या गिअरला गाडी ठीक. दुसऱ्याला जड. तिसऱ्याला जड. आणि चौथा पडल्यावर एकदम पाठीत धपाटा घातल्यासारखी सुटली. गिअरबॉक्समुळे अशी चालत नाही गाडी. इंजिनामुळे चालते.

धाकटा : ट्यून अजून पूर्ण झालेलं नाही.

ताई : ट्यून पूर्ण झालंय. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला तू इंजिनाचा गळा आवळून ठेवलायस. कॉम्प्युटरमधून. गिअरबॉक्सवर ताण येतो तो तिथेच, म्हणून तिथे ताकद येऊच द्यायची नाही. चौथ्याला पूर्ण सोडलीस, कारण रोलरवर गाडी चढवून ताकद मोजतात ती चौथ्यात. तिथला आकडा भिंतीवर लागला, व्हिडिओत गेला, सगळ्यांनी वा वा केलं. आणि रस्त्यावर ही गाडी त्या दंतवैद्याच्या गाडीच्याही मागे राहील.

धाकटा : राहील. मागच्या आठवड्यात ट्रॅकवर नेली होती, कुणी नसताना. वळणातून बाहेर आलं की सगळ्या गाड्या निघून जातील आणि मी आपला चौथ्याची वाट बघत बसेन, एवढं कळलं. तिथून सरळ गॉगलकडे गेलो.

ताई : इंजिन आवळलंस. ज्या इंजिनासाठी सहा महिने सुट्टी घेतली नाहीस, ते स्वतःच्या हाताने आवळलंस. मग गॉगलसमोर जाऊन हात पसरलेस. पण दहा पावलं चालून माझं दार वाजवलं नाहीस.

धाकटा : नाही वाजवलं.

ताई : का रे? मी खाते का तुला?

धाकटा : तुझा बॉक्स लावला आणि गाडी पहिली आली, तर ती गाडी माझी राहत नाही.

ताई : कोण म्हणेल तसं? आजवर कुणी म्हटलंय?

धाकटा : कुणी कशाला म्हणायला पाहिजे? मला माहीत असणार ना. ताई, तुला तुझ्या खोलीचं ते दार आठवतं का? बाबा आणि तू आत, दार बंद.

ताई : धूळ जाऊ नये म्हणून बंद. आतमध्ये केस गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो. बाबा मलासुद्धा चपला बाहेर काढायला लावायचे.

धाकटा : ते आत्ता कळतं. तेव्हा मी बाहेर उभा असायचो, काचेतून दिसायचं. बाबा हात पुढे करायचे आणि तू न विचारता बरोबर तेच हत्यार द्यायचीस. दोघं अर्धं अर्धं वाक्य बोलायचात. मला म्हणायचे, तू बाहेर इंजिन बघ, तुला आवाज आवडतो. मी काय काय केलं त्यांच्यासाठी. ते बाहेर यायचे, कान देऊन ऐकायचे, छान म्हणायचे आणि परत आत. शेवटी हॉस्पिटलातसुद्धा विचारलं ते तुलाच, अमुक बॉक्स झाला का म्हणून. मी पायाशी बसलो होतो.

ताई : बेशुद्धीत होते ते.

धाकटा : बेशुद्धीतही तुझ्याकडेच बघून विचारलं. तू माझ्याभोवतीची माणसं मोजतेस. ती सगळी नसती तरी मला चाललं असतं. मला तो एक माणूस हवा होता, आणि तो तुझ्या खोलीत होता. म्हणून ठरवलं होतं, एक गाडी अशी करायची की जिला तुझा हात लागलेला नसेल.

ताई : आणि केलीस ती अशी.

धाकटा : हो. केली अशी. हस आता.

ताई : हसत नाहीये. तू बाहेर उभा होतास ते मला दिसायचं काचेतून.

धाकटा : दिसायचं?

ताई : दिसायचं. आत ये म्हणावंसं कधी वाटलं नाही. तो तेवढा एकच माणूस माझ्याकडे होता, बाकी सगळे तुझ्याकडे. असा बघू नकोस. तू विचारलंस म्हणून बोलले.

धाकटा : मी नव्हतं विचारलं.

ताई : बरं, नव्हतं विचारलंस. आता विचार.

धाकटा : काय?

ताई : जे गॉगलला विचारलंस ते. मला ऐकायचंय.

धाकटा : ताई, कशाला उगाच...

ताई : विचार.

धाकटा : ... शनिवारपर्यंत होईल का?

ताई : होईल. क्लच माझ्याकडे पडलेत, जाड पोलादी प्लेटासुद्धा आहेत. दाब वाढवते, कन्व्हर्टर बदलते. कूलरला मात्र तुला पुढे जागा करून द्यावी लागेल, तुझा तो लाडका पाइप हलवावा लागेल.

धाकटा : तो पाइप हलणार नाही.

ताई : हलेल.

धाकटा : बरं, बघू. आणि गॉगल?

ताई : त्याला सांगते, हा बॉक्स त्याच्या दारातून येणार नाही. पाटीचं सोमवारी बघेन. त्याचं उत्तर आज मागू नकोस.

धाकटा : नाही मागत.

ताई : आणि ट्यूनमधली ती गाठ सोड. दुसरा, तिसरा, सगळे मोकळे कर. पूर्ण ताकद येऊ दे.

धाकटा : आणि तुटला तर?

ताई : तुटला तर खुशाल माझं नाव सांग. गिअरबॉक्सवाल्याचं नाव तेव्हाच निघतं.

धाकटा : आणि नाही तुटला तर? पहिली आली तर?

ताई : तर तुझ्याभोवती माणसं जमतील, आणि मी जळेन.

धाकटा : मी सांगेन त्यांना. बॉक्स ताईचा आहे म्हणून. माइक हातात दिला तर माइकवर सांगेन.

ताई : सांग. तू सांगितलंस, तेही मला खटकेलच. आता ऑइलचा ट्रे इकडे सरकव, आणि चपला काढून आत ये.