तापाची तहान

साथीच्या सर्दीतापानं दवाखान्याची ओसरी भरली होती. सुंदराच्या मांडीवर तिची पोर फणफणत होती.

"आये, पाणी."

"पाजू नको गं!" शेजारचा भिवाजी म्हातारा म्हणाला. "कुणाला खरं वाटायचं नाय, पण ताप तहानेनंच मरतो."

"आन् पोर रं बाबा?"

"चौक गावच्या जयवंता नावाच्या पोरीला असाच ताप होता. मी म्हनलं, घोंगडी घाला, दार लावा, पाण्याचा थेंब देऊ नका. उठली ती मोळी घेऊन अशी पळाली, घाटातली आगगाडी मागं पडली!"

सुंदरानं तांब्या मागं सारला.

"आये..."

"गप. आजा सांगतोय ना."

"पाज तिला!" मागून एक बाई ओरडली. "जयवंता माझी लेक. उठली कुठं रं, म्हाताऱ्या? पाणी पाणी करीत गेली, आन् तुझं ऐकून दाराला कडी मी घातली हुती."