भरल्या गाडीनं स्थळ बघायला

आता तुमीच सांगा, काँक्रीटची भरलेली गाडी घिऊन कोण स्थळ बघायला जातं का? पण आमचा नाथाजी गेला! मालकानं सुट्टी दिली न्हाई, कराडासनं सांगलीला पुलावर माल टाकायचा, वाटंत माधवनगर, म्हणला जाता जाता बघून घिऊ... मध्यस्थ मी, मागनं मोटारसायकलीवर. गाडीत बस म्हणला का? छ्या! वळणाला माल कलतो म्हणं.

बायको गेल्यापासनं घरात बोलायला कुणी न्हाई, म्हणून दिवसभर गाडीवरच्या त्या काँक्रीटच्या फिरत्या ड्रमाशीच बोलतो, "कलू नगंस बाबा". ड्रम थांबला की आतला माल घट्ट, म्हणून इंजान चालू ठिवूनच गडी पोहे खायला बसला, दारात नुसती घरघर, बश्या हालायल्यात, आणि नवरीचा, म्हंजी मायाचा, भाऊ नानासो वरडून इचारतोय, "आवं पावनं, एवढा उशीर?" नाथाजी म्हणला, "माल पातळ, फिरताना एका अंगाला चढतो. वळणाला जोरात घातली की गाडी आडवी."

मग माया बोलली. ती बी नवरा गेल्यापासनं भावाकडंच. म्हणली, "मला कवा गाडीतनं न्याल का?"

तुमाला सांगतो, दुसरा कुणीबी व्हय म्हणला असता की वो! ह्यो म्हणतोय, "न्हाई. माल कलतो. माझं काय बी हुंदे, दुसरं माणूस न्हाई बसवणार." मी कपाळावर हात मारला. तवा माया हळूच म्हणली, "मग घरात तरी जागा हाय का?"

ह्यानं घड्याळ बघितलं. ड्रम फिरता ठिवला तरी माल किती येळ टिकणार, तसाच उठला. आणि उत्तर सुचलं कुठं, तर पार कॅनॉलच्या वळणाला! "जागाच जागा हाय की, माझ्याबिगर हाय कोण तिथं..." सांगितलं कुणाला? ड्रमाला! भरली गाडी अरुंद रस्त्यात मागं वळती व्हय? माल कलतो. फोन करावा तर दोन्ही हात स्टेअरिंगला.

गाडी रिकामी करून सांजच्याला परत आला, मी होतोच मागनं, तर दारात बुलेट. कुणी रिटायर फौजी. बघणं झालं, पसंती झाली, नानासोनं आमच्याच हातावर पेढं ठिवलं.

मी म्हणलं, "जाऊ दे गड्या, बुलेट बी वळणाला कलतीच की."

नाथाजी पेढा खात म्हणला, "व्हय. पण तवा मागचं माणूस घट्ट धरतं."